हवाई सुंदरी : एका शब्दामागचा लढा

मराठीत काही शब्द असे रुळून गेले आहेत की त्यांच्या पोटात काय दडले आहे याकडे आपले लक्षच जात नाही. ‘हवाई सुंदरी’ हा त्यांपैकी एक. रुग्णालयात राबणाऱ्या स्त्रीला आपण परिचारिका म्हटले, शाळेत शिकवणाऱ्या स्त्रीला शिक्षिका म्हटले, गिरणीत काम करणाऱ्या स्त्रीला कामगार म्हटले. ही तिन्ही नावे कामावरून पडली. विमानात काम करणाऱ्या स्त्रीला मात्र आपण तिच्या रूपावरून नाव दिले. त्याच विमानात, त्याच प्रवाशांपुढे, तेच ताट ठेवणाऱ्या पुरुषाला कोणी ‘हवाई सुंदर’ म्हटल्याचे ऐकिवात नाही.

या शब्दात जी दृष्टी आहे तीच नोकरीच्या नियमांतही उतरली होती. रूप ओसरले की सुंदरी संपली आणि सुंदरी संपली की तिची नोकरीही संपावी, असा त्या नियमांचा सरळ हिशेब होता. हा हिशेब चुकीचा आहे हे पटवून देण्यासाठी विमानसेविकांना कामगार संघटना, औद्योगिक न्यायाधिकरण, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय अशा पायऱ्या चढाव्या लागल्या. त्यात जवळजवळ चार दशके गेली. मुंबई, वसई आणि गोव्याच्या धर्मग्रामांत आज अशी अनेक कुटुंबे आहेत की ज्यांची लेक वा सून विमानात नोकरी करते. लग्न झाले, मूल झाले, तरी तिची नोकरी टिकते. यात काही विशेष आहे असे कुणाला वाटतही नाही. पण एके काळी ते विशेष होते. ते सहज कसे झाले याचा इतिहास घरातील वडीलधाऱ्यांना आणि त्या मुलींनाही ठाऊक असावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आरंभ परिचारिकेपासून

विमानात स्त्रीने प्रथम पाऊल ठेवले ते परिचारिका म्हणून. एलन चर्च ही अमेरिकेतील प्रशिक्षित परिचारिका. तिला स्वतःला विमान चालवायचे होते. ती संधी स्त्रीला मिळणे त्या काळी दुरापास्त होते. तेव्हा तिने बोईंग एअर ट्रान्सपोर्ट या कंपनीपुढे दुसरी कल्पना मांडली : विमानप्रवासाची लोकांना भीती वाटते, विमानात एक परिचारिका असेल तर ती भीती कमी होईल. कंपनीने आठ परिचारिका प्रायोगिक तत्त्वावर घेतल्या आणि १५ मे १९३० रोजी एलन चर्च ओकलंडहून शिकागोकडे जाणाऱ्या विमानात कामावर रुजू झाली.

दिनदर्शिकेचा योगायोग असा की १५ मे हाच श्रमिकांच्या हक्कांसंबंधीच्या पहिल्या विश्वपत्राचा दिवस. १५ मे १८९१ रोजी पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ प्रसिद्ध केले आणि कामगारांना संघटना बांधण्याचा नैसर्गिक हक्क आहे, मजुरी ही केवळ बाजारभावाची बाब नाही, असे ख्रिस्तसभेच्या वतीने जगाला सांगितले. विमानसेविकेच्या व्यवसायाचा इतिहास या दोन तारखांच्या सावलीत वाचावा असा आहे.

त्या पहिल्या परिचारिकांचे काम नाजूक नव्हते. प्रवाशांचे सामान चढवणे, आसनांचे स्क्रू आवळून घेणे, आजारी पडणाऱ्यांची शुश्रूषा करणे आणि कोणी प्रसाधनगृहाचे दार समजून बाहेरचेच दार उघडत नाही ना, यावर लक्ष ठेवणे, अशी त्यांची कामे. पण भरतीच्या अटींत शिक्षणाबरोबर आणखी काही गोष्टी होत्या : वय पंचविशीच्या आत, अंगलट हलकी, आणि मुलगी अविवाहित. दुसऱ्या महायुद्धात सैन्याला परिचारिकांची गरज भासली, तेव्हा अमेरिकन विमान कंपन्यांनी परिचारिकेच्या शिक्षणाची अट सोडून दिली. वय, वजन आणि अविवाहितपण या अटी मात्र राहिल्या. अशा रीतीने विद्या गेली आणि रूप उरले. १९५३ साली अमेरिकन एअरलाइन्सने तर बत्तीस वर्षे ही वयाची मर्यादा ठरवून टाकली. पुढे १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीतील लिंगभेदाला बंदी केली आणि साठच्या दशकाच्या अखेरीपासून तेथील विमानसेविकांनी आपल्या संघटनांच्या व न्यायालयांच्या बळावर या अटी एकामागून एक मोडून काढल्या.

एअर इंडिया आणि भाषेचे बळ

आपल्याकडे जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईला टपालाचे विमान आणले, तेथून नागरी विमानवाहतुकीचा इतिहास सुरू होतो. १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सचे नाव एअर इंडिया झाले. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले आणि भारतीय विमानसेवा सातासमुद्रापार गेली. १९५३ मध्ये सरकारने विमानसेवा ताब्यात घेऊन दोन महामंडळे स्थापन केली : परदेशी मार्गांसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल आणि देशांतर्गत मार्गांसाठी इंडियन एअरलाइन्स.

आरंभीच्या काळात या नोकरीत पारशी, अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती मुली मोठ्या प्रमाणावर दिसत. त्याचे एक कारण भाषा हे होते. कॉन्व्हेंट शाळांतून शिकलेल्या मुलींचे इंग्रजी सफाईदार असे, परक्या माणसाशी बोलण्याचा संकोच त्यांना नसे. दुसरे कारण सामाजिक होते. मुलीने रात्री-अपरात्री परमुलखात राहावे ही कल्पना त्या काळच्या बहुतेक घरांना मानवण्यासारखी नव्हती. ज्या समाजांनी मुलींना परिचारिका, शिक्षिका, टंकलेखिका म्हणून आधीच घराबाहेर पाठवले होते, त्यांना हे पाऊल थोडे सोपे गेले.

विमानात भाषा ही शोभेची वस्तू नसते. आखाताकडे निघालेला मजूर, मुलाकडे लंडनला निघालेली वृद्धा, पहिल्यांदाच विमानात बसलेला खेडूत, यांना धीर देता येतो तो त्यांच्या भाषेत. संकटकाळी तर ‘वाका’, ‘पट्टा सोडा’, ‘या दाराने उतरा’ हे शब्द समजण्यावर प्राण अवलंबून असतात. म्हणूनच जगभरच्या विमान कंपन्या ज्या देशाला विमाने नेतात त्या देशाच्या भाषा बोलणारे सेवक-सेविका नेमतात. भाषा जाणणाऱ्या या परदेशी कर्मचाऱ्यांना नोकरीच्या अटी कोणत्या देशाच्या लागू कराव्यात, हा प्रश्न मात्र तेथूनच उपजतो. त्याची गाठ पुढे पडणारच आहे.

१९६४ च्या अखेरीस मुंबईत अडतिसावी आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक काँग्रेस भरली. तिच्यासाठी पोप सहावे पॉल रोमहून मुंबईला आले ते एअर इंडियाच्या बोईंग विमानाने. भारतभूमीवर पाय ठेवणारे ते पहिले पोप. तो सोहळा आपल्या समाजाच्या स्मरणात अजून ताजा आहे. परंतु त्या काळी एअर इंडियाच्या विमानांत पाहुण्यांचे आदरातिथ्य करणाऱ्या स्त्रियांना कोणत्या अटींवर नोकरी करावी लागे, हे फारसे कुणाच्या ध्यानी नव्हते. तिशी ओलांडली वा लग्न केले, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा नोकरी संपे. तिशीनंतर मुदत वाढवून मिळाली तरी ती पस्तिशीपर्यंतच. त्याच विमानातील पुरुष सेवकाला मात्र लग्नाची आडकाठी नव्हती आणि निवृत्तीला त्याच्या हातात आणखी वीस-पंचवीस वर्षे असत.

संघटना आणि न्यायाधिकरण

एअर इंडियाच्या कर्मचाऱ्यांची संघटना होती आणि तिने विमानसेविकांचा प्रश्न मांडला नाही असे नव्हे. १९६५ मध्ये न्यायमूर्ती खोसला यांच्या राष्ट्रीय औद्योगिक न्यायाधिकरणापुढे निवृत्तीचे वय पंचेचाळीस करावे अशी मागणी करण्यात आली. व्यवस्थापनाचे उत्तर असे होते की ही चढाओढीच्या धंद्यातील नोकरी आहे, प्रवाशांना तारुण्य, रूप आणि आकर्षक वागणूक हवी असते, म्हणून या स्त्रियांची गोष्ट इतर कामगारांहून निराळी आहे. न्यायाधिकरणाने मागणी मान्य केली नाही. १९७२ मध्ये महेश न्यायाधिकरणापुढे विमानसेविकांच्या सेवाशर्ती पुन्हा आल्या, पण स्त्री आणि पुरुष यांच्या निवृत्तीवयातील दरी कायमच राहिली.

याच सुमारास मुंबईतच घडलेली दुसरी एक घटना ध्यानात घेण्याजोगी आहे. इंटरनॅशनल फ्रँचायझेस या औषध कंपनीत पॅकिंगचे काम करणाऱ्या स्त्रियांना लग्न होताच नोकरीतून काढण्याचा नियम होता. बॉम्बे लेबर युनियनने त्याविरुद्ध लढा दिला. विवाहित स्त्रिया फार गैरहजर राहतात आणि त्यामुळे गटाने करावयाचे काम खोळंबते, असे कंपनीचे म्हणणे होते. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले आणि तो नियम रद्द केला. औषधाच्या बाटल्या भरणाऱ्या स्त्रीला जो न्याय मिळाला, तो विमानातील स्त्रीला मिळण्यास आणखी सोळा वर्षे लागली आणि तेव्हाही तो अर्धाच मिळाला. असे का व्हावे? बाटल्या भरणारी स्त्री ‘कामगार’ होती. विमानातील स्त्री ‘सुंदरी’ होती. वरवर पाहता मानाचे वाटणारे नावच तिच्या आड आले.

१९८१ चा निकाल

दरम्यान नियम काहीसे बदलले होते. एअर इंडियाच्या सेवाशर्तींप्रमाणे विमानसेविकेची नोकरी तीन प्रसंगी संपत असे : वयाची पस्तीस वर्षे पूर्ण झाल्यावर, नोकरी लागल्यापासून चार वर्षांच्या आत लग्न केल्यास, किंवा पहिल्या गर्भधारणेच्या वेळी. यांपैकी जे आधी घडेल ते. पस्तिशीनंतर व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीनुसार एकेक वर्षाची मुदतवाढ, कमाल पंचेचाळीसपर्यंत, मिळू शके. तिच्या बरोबरीने काम करणारा असिस्टंट फ्लाइट पर्सर हा पुरुष अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होई.

नर्गेश मीर्झा आणि त्यांच्या सहकारी विमानसेविकांनी या नियमांना आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयात सुरू झालेले हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग झाले. न्यायमूर्ती फझल अली, वरदराजन आणि ए. एन. सेन यांच्या पीठाने २८ ऑगस्ट १९८१ रोजी निकाल दिला.

हा निकाल धान्य आणि कोंडा एकत्र असलेल्या सुपासारखा आहे. तो पाखडूनच घ्यावा लागतो. पहिल्या गर्भधारणेला नोकरी संपवण्याचा नियम न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला आणि त्यासाठी अत्यंत कठोर शब्द वापरले. लग्नाला परवानगी देऊन मातृत्वाला शिक्षा करणे म्हणजे त्या स्त्रीला मूल होऊ न देण्याची सक्ती करणे होय, हा भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान आहे, असा न्यायालयाचा आशय होता. मुदतवाढ संचालकांच्या मर्जीवर सोडणारी तरतूदही मनमानीला वाव देणारी म्हणून गेली. वय वाढले की स्त्रीचे आकर्षण कमी होते आणि म्हणून तिला घरी पाठवावे, हा युक्तिवादही न्यायालयाला रुचला नाही.

पण चार वर्षांच्या आत लग्न न करण्याची अट न्यायालयाने वैध मानली. तोवर मुलगी अधिक परिपक्व होते, तिचे आरोग्य सुधारते, कुटुंबनियोजनाला हातभार लागतो आणि प्रशिक्षणावरील खर्च वाया जात नाही, अशी कारणे दिली गेली. विमानसेविका आणि पर्सर हे दोन स्वतंत्र वर्ग आहेत, त्यांची भरती, बढतीच्या पायऱ्या आणि सेवाशर्ती निराळ्या आहेत, म्हणून त्यांच्यातील फरक हा लिंगभेद नव्हे, असेही न्यायालयाने मानले. या विवेचनात खोसला आणि महेश न्यायाधिकरणांच्या निवाड्यांचा आधार घेतला गेला. संघटनेच्या वादातून निघालेले निवाडे असे त्या स्त्रियांच्याच विरुद्ध उभे राहिले. शिवाय पहिल्या गर्भधारणेऐवजी दोन मुले असताना तिसऱ्या गर्भधारणेला नोकरी संपवण्याची सुधारणा लोकसंख्येच्या दृष्टीने योग्य ठरेल, असे मतही निकालात आहे. ख्रिस्ती मनाला हे खटकल्यावाचून राहत नाही. मातृत्व पवित्र म्हणायचे आणि त्याच्या पावित्र्याला आकड्याची मर्यादा घालायची, हे एकाच श्वासात कसे बोलता येईल?

याच खटल्यात परदेशी भरतीचा प्रश्नही निघाला. एअर इंडियाने इंग्लंडमध्ये नेमलेल्या विमानसेविकांना हे नियम लागू नव्हते, कारण १९७५ च्या ब्रिटिश कायद्याने नोकरीतील लिंगभेदाला तेथे मनाई होती. म्हणजे एकच कंपनी, एकच गणवेश, एकच काम. पण लंडनला नेमणूक झालेली स्त्री आई होऊ शकत होती आणि मुंबईला नेमणूक झालेली नाही. कंपनीचे म्हणणे असे की परदेशात तेथील कायदा पाळणे भाग आहे. न्यायालयाने ते मान्य केले. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण जे परक्या देशाच्या कायद्याच्या धाकाने देता येते ते आपल्या लेकींना आपण होऊन का देता येऊ नये, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. १९८७ मध्ये लीना खान यांच्या खटल्यात हाच भेद पुन्हा न्यायालयापुढे आला.

लोरेटोचे घर

त्या निकालानंतर अवघ्या सतरा दिवसांनी, १४ सप्टेंबर १९८१ रोजी, पोप दुसरे जॉन पॉल यांचे मानवी श्रमावरील विश्वपत्र ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’ प्रसिद्ध झाले. ‘रेरुम नोव्हारुम’च्या नव्वदाव्या वर्षदिनी, १५ मे रोजी, ते प्रसिद्ध व्हायचे होते. १३ मे रोजी संत पेत्राच्या चौकात पोपमहोदयांवर गोळ्या झाडण्यात आल्या आणि ते लांबणीवर पडले. दिल्लीतील निकालाशी त्याचा काही संबंध नव्हता. पण जणू त्याच वादाला उत्तर द्यावे अशी त्यातील शिकवण आहे. श्रम माणसासाठी आहे, माणूस श्रमासाठी नाही, हे त्याचे मूळ सूत्र. स्त्रियांविषयी ते म्हणते की त्यांनी कामात प्रगती करावी, पण त्या प्रगतीची किंमत म्हणून त्यांना आपल्या मातृत्वाचा आणि कुटुंबाचा त्याग करावा लागू नये. कामाची रचनाच तशी असली पाहिजे.

येथे लोरेटोची आठवण होते. २४ मार्च १९२० रोजी पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी लोरेटोच्या पवित्र मरियेला विमानचालकांची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. नाझरेथचे ते घर, ज्यात मरियेला देवदूताचा निरोप मिळाला, देवदूतांनी आकाशमार्गे इटलीत आणले, अशी भाविकांची परंपरा आहे. इतिहासकार त्याचा अर्थ काही लावोत. आकाशात जाणाऱ्यांची आश्रयदात्री म्हणून ख्रिस्तसभेने निवडली ती एक माता आणि तिच्यासोबत एक घर. त्या परंपरेत घर मागे टाकून कोणी उडत नाही. घरच आकाशातून जाते. विमानसेविकेला ‘घर किंवा आकाश, एक काहीतरी निवड’ असे सांगणाऱ्या नियमांपुढे हे चित्र मोठे बोलके वाटते.

कराचीतील ती रात्र

विमानसेविकेचे काम नेमके कोणते, या प्रश्नाचे उत्तर पाच वर्षांनी कराचीच्या धावपट्टीवर मिळाले. पॅन अमेरिकन या अमेरिकन कंपनीने १९८५ मध्ये भारत-फ्रँकफर्ट मार्गासाठी भारतीय सेवकवर्ग नेमण्याचे ठरवले. प्रवासी भारतीय, तेव्हा त्यांच्या भाषा आणि रीतिभाती जाणणारी माणसे विमानात असावीत, असा त्यामागचा विचार. त्या भरतीत निवडली गेलेली नीरजा भनोत ही मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाची विद्यार्थिनी. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेले तिचे विमान कराचीला उतरले असता चार बंदूकधाऱ्यांनी त्याचा ताबा घेतला. तिने तत्काळ वैमानिकांना सावध केले. ते निसटल्यामुळे विमान जागचे हलू शकले नाही. मग सुमारे सतरा तास तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी प्रवाशांना सांभाळले, अमेरिकन प्रवाशांचे पारपत्र लपवले आणि गोळीबार सुरू होताच दारे उघडून लोकांना बाहेर काढले. मुलांना वाचवताना तिला गोळ्या लागल्या. तेविसाव्या वाढदिवसाला दोनच दिवस उरले होते. भारताने तिला अशोकचक्र दिले.

त्या सतरा तासांत तिचे रूप कामी आले नाही. कामी आले ते प्रशिक्षण, प्रसंगावधान, प्रवाशांशी बोलण्याची हातोटी आणि आपल्या मित्रांसाठी प्राण देणारी ती प्रीती, जिच्याहून थोर प्रीती नाही असे प्रभू येशूने सांगितले. ट्रे फिरवणे हा विमानसेवेचा दिसणारा भाग. माणसे जिवंत घरी पोहोचवणे हा तिचा खरा अर्थ. या कसोटीवर पाहिले तर पंचेचाळिशीची अनुभवी स्त्री विशीतील नवशिक्या मुलीपेक्षा उणी कशी ठरावी?

अठ्ठावन्न की पन्नास?

ऑक्टोबर १९८९ मध्ये केंद्र सरकारने एअर इंडियाला निर्देश दिला की विमानसेविकांनाही पुरुषांप्रमाणे अठ्ठावन्न वर्षांपर्यंत सेवा करू द्यावी. त्यानंतर कंपनीने नियम केला की पन्नाशीपर्यंत विमानात आणि पुढची आठ वर्षे जमिनीवर. पुरुष मात्र अठ्ठावन्नपर्यंत उडतच राहणार होते. विमानातून उतरणे म्हणजे उड्डाणभत्ता जाणे, त्यामुळे हा फरक कागदापुरता नव्हता.

यावरून जो वाद झाला तो अधिक गुंतागुंतीचा, कारण तेथे स्त्रियांमध्येच दोन मते पडली. ज्येष्ठ विमानसेविकांच्या एका संघटनेला अठ्ठावन्नपर्यंत उडायचे होते. केबिन क्रूच्या मोठ्या संघटनेचे म्हणणे उलटे होते : पन्नाशीनंतर सततचे उड्डाण शरीराला झेपत नाही, जमिनीवरचे काम हा आम्ही वाटाघाटीने मिळवलेला लाभ आहे, तो घालवू नका. २००१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने यशस्विनी मर्चंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या बाजूने कौल दिला व हा भेद बेकायदा ठरवला. जुलै २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि संघटनेशी झालेल्या करारांना मान दिला. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने स्त्रियांनाही अठ्ठावन्नपर्यंत उडण्याची मुभा दिली.

शेवटचा अडसर अधिकाराचा होता. विमानातील सेवकवर्गाचा प्रमुख, म्हणजे इनफ्लाइट सुपरवायझर, हा पुरुषच असे. डिसेंबर २००५ मध्ये एअर इंडियाने हे काम स्त्रियांनाही खुले केले, तेव्हा काही पुरुष कर्मचारी त्याविरुद्ध न्यायालयात गेले. ते पद जुन्या करारांनी आमच्यासाठी राखलेले आहे, असे त्यांचे म्हणणे. २००७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले.

कामगार संघटनांना आदराने पाहणाऱ्यांनी येथे थोडे थांबून विचार करावा. संघटना हे न्यायाचे साधन आहे. पण ते साधन बलवानांच्या हातात राहिले तर त्याच संघटनेतील दुबळ्यांवर अन्याय होऊ शकतो. ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’ने संघटनांचा हक्क ठामपणे उचलून धरताना हाच इशारा दिला होता की त्यांचा लढा गटाच्या स्वार्थात बदलू नये.

नव्या काळातील जुने प्रश्न

लग्न, मातृत्व आणि वय यांचे प्रश्न आज बऱ्याच अंशी सुटले आहेत. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा सव्वीस आठवड्यांची झाली. पण श्रमाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न नव्या रूपाने पुढे येतच असतो. कोरोनाच्या काळात, फेब्रुवारी २०२१ मध्ये, लुफ्तान्सा या जर्मन कंपनीने दिल्लीत नेमलेल्या शंभराहून अधिक भारतीय विमानसेवकांची नोकरी संपुष्टात आणली. कंपनीने दोन वर्षांच्या बिनपगारी रजेचा प्रस्ताव ठेवला होता. कर्मचाऱ्यांनी नोकरीची हमी मागितली होती. त्यांतील काहींची पंधरा-पंधरा वर्षे त्या विमानांत गेली होती, तरी ते मुदतीच्या कराराचेच कर्मचारी होते. भारतीय प्रवाशांसाठी त्यांची भाषा कंपनीला हवी होती. तिच्याबरोबर जर्मनीतील कामगारासारखी सुरक्षितता मात्र त्यांच्या वाट्याला आली नाही. १९८१ मध्ये लंडन आणि मुंबई यांच्यात जो भेद होता, तोच येथे नव्या वेषात दिसतो.

जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे गेली. मे २०२४ मध्ये तिच्या एअर इंडिया एक्स्प्रेस या शाखेतील केबिन क्रूने मोठ्या संख्येने आजारपणाची रजा टाकली. कंपनीचे एकत्रीकरण आणि त्यातून निर्माण झालेल्या सेवाशर्ती यांविषयीचा तो असंतोष होता. अनेक उड्डाणे रद्द झाली, प्रवाशांचे हाल झाले, काही कर्मचाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले. अखेर मुख्य कामगार आयुक्तांपुढे दोन्ही पक्ष बसले, कर्मचारी कामावर परतले आणि बडतर्फी मागे घेतली गेली. जे आधी टेबलाभोवती बसून सुटले असते, ते हजारो प्रवाशांना विमानतळावर ताटकळत ठेवून सुटले.

आपल्या घरांसाठी

हा इतिहास वाचून आपण काय घ्यावे? पहिली गोष्ट कृतज्ञतेची. नर्गेश मीर्झा पारशी होत्या, नीरजा भनोत पंजाबी हिंदू कुटुंबातील, यशस्विनी मर्चंट आणि लीना खान यांच्याबरोबर लढणाऱ्या स्त्रिया सर्व धर्मांच्या. त्यांनी जे मिळवले ते आपल्या लेकींच्याही पदरात पडले आहे.

दुसरी गोष्ट आपल्या घरातील विचारसरणीची. कंपनीचे नियम बदलले, पण लग्नाच्या बैठकीत ‘मुलगी विमानात आहे, नोकरी सोडणार ना?’ हा प्रश्न आपण विचारतोच. कंपनीच्या नियमांतून जी अट गेली, ती अट आपण घरच्या ओसरीवर का जिवंत ठेवावी? तिने नोकरी करावी की सोडावी हे तिने आणि तिच्या पतीने मिळून प्रार्थनापूर्वक ठरवावे. तो निर्णय तिच्यावर लादला जाऊ नये, एवढेच न्यायाचे मागणे आहे. आणि ती उडत राहणार असेल तर तिच्या गैरहजेरीत मुलांना सांभाळणे हे घरातील सर्वांचे कर्तव्य आहे, सासूबाईंचे एकटीचे नव्हे.

तिसरी गोष्ट शब्दाची. ‘हवाई सुंदरी’ हा शब्द आता वर्तमानपत्रांतूनही मागे पडत चालला आहे. विमानसेविका, केबिन क्रू असे शब्द त्याची जागा घेत आहेत. देवाने आपल्या प्रतिमेत माणूस घडवला, नर आणि नारी असा घडवला, हे पवित्र शास्त्राच्या पहिल्याच पानावर आहे. त्या प्रतिमेला वयाची मर्यादा नाही, वजनाची नाही आणि मातृत्वाने ती मलीनही होत नाही. आपल्या धर्मग्रामातील जी मुलगी पहाटेच्या अंधारात गणवेश घालून विमानतळाकडे निघते, तिला तिच्या कामाचे नाव देण्यापासून आपण आरंभ करू या.